साडेसत्तावीस हर्ट्झ

हा लेख तुम्ही फोनवर वाचताय असं धरून चालतो. एक काम करा. मेटॅलिकाचा १९८८ चा '...अँड जस्टिस फॉर ऑल' लावा आणि त्यात बेस गिटार शोधा. नाही सापडली? फोनच्या स्पीकरला दोष देऊ नका, चांगले हेडफोन लावूनही फारशी सापडत नाही. बँडचा आधीचा बेसिस्ट क्लिफ बर्टन १९८६ मध्ये स्वीडनमध्ये बसच्या अपघातात गेला. त्याच्या जागी जेसन न्यूस्टेड आला, त्याने अख्खा अल्बम वाजवला, आणि मिक्स करताना त्याचा आवाज इतका खाली ठेवला गेला की मेटल ऐकणारे आजही त्यावरून भांडतात.

मी बेस वाजवतो. दिवसा हिंजवडीत बॅकएंडचा कोड लिहितो. दोन्ही कामं नीट चालली तर कोणाच्या लक्षात येत नाहीत आणि बिघडली की सगळे मान वळवून माझ्याकडे बघतात.

आमचा बँड कॉलेजमधला. चौघांपैकी दोघांना बॅकलॉग होते, तिघांना नोकऱ्या लागल्या, ड्रमर अजून 'बघतोय'. सुरुवात सगळ्यांसारखी आयर्न मेडनपासून झाली. स्टीव्ह हॅरिस फेंडर प्रिसिजनवर पिक न वापरता नुसत्या बोटांनी घोडा पळवतो, ते बघून मी गिटार सोडून बेसकडे आलो. (खरं कारण: गिटारवाले दोन आधीच होते.) नंतर ऐकणं बदललं, पेरिफरी वगैरे आले, आणि दोन वर्षांपूर्वी आमच्या गिटारवाल्याने सात तारांची गिटार घेतली. घेतली ती घेतली, वर सगळ्यात खालची तार 'ए'ला उतरवली. म्हणजे ५५ हर्ट्झ. बेस त्याच्या एक सप्तक खाली असतो. म्हणजे मी २७.५ हर्ट्झ.

आकड्याचा अंदाज यावा म्हणून सांगतो. चार तारांच्या साध्या बेसची सगळ्यात जाड तार ४१.२ हर्ट्झला लागते. पाच तारांच्या बेसची 'बी' तार ३०.८७ ला. २७.५ म्हणजे पियानोची डावीकडची अगदी शेवटची पट्टी, आणि माणसाचं ऐकणं साधारण २० हर्ट्झला संपतं. माझ्याकडे पहिल्या नोकरीत बावीस हजारांना घेतलेला सेकंडहँड पाच तारांचा बेस होता. त्याची 'बी' तार मी 'ए'ला उतरवली आणि ती कपडे वाळत घालायच्या दोरीसारखी लोंबायला लागली. जोरात मारलं की आधी सूर थोडा चढायचा, मग डगमगत खाली यायचा. सैल तारेचं तसंच होतं. तिला ओढलं की क्षणभर तिचा ताण वाढतो आणि ताणाबरोबर सूर वर जातो. गिटारवाला म्हणायचा, "तू बेसुरा आहेस." मी म्हणायचो, तार बेसुरी आहे.

त्या दिवाळीला बेस घेऊन घरी गेलो. घर इचलकरंजीला. पप्पा एकतीस वर्षं यंत्रमागांचे जॉबर होते. बिघडलेला माग दुरुस्त करायचा, नवीन बीम चढवायचा, सुताचा ताण लावायचा, हे त्यांचं काम. मी पडवीत बसून वाजवत होतो. अॅम्प नव्हता, नुसतीच टिक टिक. ते आले, थोडा वेळ बघत राहिले आणि खालच्या तारेवर अंगठा दाबला. मागावर उभं सूत असंच दाबून बघतात.

"बीम ढिला पडलाय," ते म्हणाले. "वजन वाढव की."

जुन्या मागांना मागच्या बाजूला बीमवर ताण ठेवायला वजनं टांगलेली असतात. सूत सैल वाटलं की एक वजन वाढवायचं. बेसला वजन कुठे टांगणार? पण निदान बरोबर होतं, आणि ते दहा सेकंदांत झालं होतं. मला दीड वर्षं लागलं होतं.

तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची जाडी (म्हणजे वजन), तिची लांबी आणि तिचा ताण. खाली उतरायचं आणि ताणही टिकवायचा, तर एक मार्ग म्हणजे जाड तार. तोही करून पाहिला. तार जाड झाली की कडक होते, तिचे वरचे हार्मोनिक जागेवर बसत नाहीत, आणि आवाज पोत्यात घातल्यासारखा येतो. दुसरा मार्ग लांबीचा. तीच तार, तोच सूर, पण लांबी वाढवली तर लागणारा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साध्या बेसवर तार ३४ इंच मोकळी असते, याला स्केल म्हणतात. ती ३७ इंच केली तर ताण सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. 'बी'वरून 'ए'ला उतरल्यावर सुमारे २० टक्के गेलेला असतो. हिशेब मांडला तर ३७ इंचांवरचा 'ए' हा ३४ इंचांवरच्या 'बी'च्या ९४ टक्के घट्ट. म्हणजे जवळजवळ बरोबरी.

३७ इंचांचे बेस बनवतात ते कॅनडातल्या सास्काटूनचे डिंगवॉल. सगळ्याच तारा ३७ इंच केल्या तर वरच्या बारीक तारा उगाच कडक होतील, म्हणून त्यांच्या पाच तारांच्या बेसवर खालची तार ३७ आणि वरची ३४ इंच असते. त्यामुळे फ्रेट सरळ आडवे न राहता उघडलेल्या पंख्यासारखे तिरके पसरतात. ही पंख्याची कल्पना आजच्या गिटारींवर रूढ केली ती अमेरिकेतल्या राल्फ नोवॅक या गिटारमेकरने. पहिल्यांदा फोटो बघितला तेव्हा वाटलं, कोणीतरी दारू पिऊन ठोकलेत.

मी एक्सेल उघडली. इंजिनिअर माणूस प्रेमातही पडला तर शीट बनवून पडतो. शेवटच्या कॉलममध्ये कॅनडात हाताने बनवलेला डिंगवॉल होता. कस्टम, वाहतूक वगैरे धरून माझ्या अंदाजाने पाच लाखांच्या वर जात होता. 'बेस फंड' नावाचं वेगळं खातं तीन वर्षांपासून होतं. त्यात तीन लाख ऐंशी हजार होते. अजून एक बोनस, की झालं.

पण पाच लाखांची वस्तू हात न लावता घ्यायची नाही एवढी अक्कल होती, म्हणून आधी बाकीचे बघायचं ठरवलं. मडवेनचा रायन मार्टिनी ज्यावर वाजवायचा तो जर्मन वॉरविक थंब एकाने वाजवायला दिला. बुबिंगाचं लाकूड, लोखंडासारखं जड. आवाज घशातून गुरगुरल्यासारखा. दोन तासांनी खांदा बोलायला लागला. मग अंधेरीत स्टुडिओत वाजवणाऱ्या एका बेसिस्टकडे स्पेक्टर बघितला. त्याची मूळ रचना १९७७ ची, नेड स्टाइनबर्गरने केलेली. बॉडी सपाट नसते, मागून आत वळलेली असते आणि पोटाला अशी बसते की काढावीशी वाटत नाही. कॅनिबल कॉर्प्सचा अॅलेक्स वेब्स्टर स्पेक्टरच वाजवतो. मी वीस मिनिटं एकटाच वाजवत बसलो आणि मनातल्या मनात डिंगवॉल रद्द करून टाकला.

ज्याचा बेस होता तो चहा पीत ऐकत होता. वयाने मोठा, मेटलशी संबंध नाही, जाहिरातींची जिंगल्स वाजवणारा. त्याने विचारलं, "तुमच्या गाण्यात ऐकलास का हा?" म्हटलं, इथे कसं ऐकणार? तो म्हणाला, "मग वीस मिनिटं काय ऐकलंस?"

खरं होतं. एकट्याने वाजवला तर प्रत्येक महाग बेस भारी वाटतो. खोली रिकामी असते आणि सगळी जागा त्याचीच असते. मेटलमध्ये बेसला जागाच नसते. खाली ड्रमचा किक बसलेला, वर दोन गिटारींचं डिस्टॉर्शन भिंतीसारखं पसरलेलं. मधल्या फटीतून जे निसटेल ते तुमचं. त्यातही २७.५ हर्ट्झचा मूळ सूर बहुतेक स्पीकरमधून येतच नाही. ऐकणाऱ्याला ५५, ८२.५, ११० हे वरचे हार्मोनिक मिळतात, आणि मेंदू त्यांच्यावरून खालचा सूर स्वतःच भरून काढतो. शिवाय तार फ्रेटवर आपटल्याचा धातूचा खणखणाट, तो १००० ते ३००० हर्ट्झच्या आसपास. फोनवर मेटल ऐकताना तुम्ही ज्याला बेस समजता तो बराचसा हा खणखणाटच असतो.

मग रीतसर काम केलं. आमच्या एका गाण्यातला बेस काढून टाकला आणि ट्रॅक पेन ड्राइव्हवर घेतला. जो बेस हाती लागेल त्यावर तेच रिफ, तशाच नव्या तारा, तोच इंटरफेस. अंधेरीला पुन्हा गेलो. बंगळुरूला ऑफिसच्या कामासाठी गेलो होतो तेव्हा तिथल्या एका बेसिस्टचा डिंगवॉल रेकॉर्ड केला. कॅनडाचा नव्हे, चीनमध्ये बनणारा 'एनजी' मॉडेलचा. पेरिफरीत वाजवलेल्या नॉली गेटगुडच्या नावाचा तो मॉडेल. शेवटी माझा बावीस हजारांचाही केला. फाइलींना क, ख, ग, घ अशी नावं दिली आणि बँडच्या ग्रुपवर टाकल्या.

गिटारवाल्याने 'ग' निवडला. ड्रमरनेही 'ग'. 'ग' माझा जुना बेस होता.

तो शनिवार वाईट गेला. रविवारी पुन्हा ऐकलं तेव्हा कळलं की मी गाण्याचा भागच चुकीचा दिला होता. त्या रिफमध्ये खालची 'ए' तार फक्त दोनदा येत होती. वरच्या चार तारांवर नव्या तारा घातलेला बावीस हजारांचा बेस कोणालाही हार जात नव्हता, हे मान्य करावंच लागलं. मग शेवटचा ब्रेकडाउन रेकॉर्ड केला, जिथे तीस सेकंद फक्त खालची तार आहे. या वेळी तिघांनीही 'क' म्हटलं, कोणी काही न विचारता. 'क' म्हणजे ३७ इंच. आवाज गोड होता असं नाही. प्रत्येक फटका सुरातच सुरू होत होता आणि सुरातच संपत होता, एवढंच.

इथे खरं तर निवड संपली होती. ३७ इंच कॅनडात कापले काय आणि चीनमध्ये कापले काय, ३७ च राहतात. तरी मी कॅनडावाल्याचे फोटो रोज रात्री बघत होतोच. त्या लाकडाच्या रेषा! हे गणितात बसत नाही, आणि मी बसवायला जाणारही नाही.

मे महिन्यात आईचा फोन आला. "ह्यांना मी दळण आणायला साठ रुपये देते म्हटलं तर आठ रुपयांत काय येतंय म्हणून भांडालेत." आम्ही हसलो. मग ती म्हणाली, "हसू नको. दारात ट्रक आला तरी कळंना झालाय."

पप्पांना मिरजेला घेऊन गेलो. कान तपासणारी मुलगी माझ्याच वयाची होती. काचेच्या खोलीत बसवून, हेडफोन लावून तिने एकेक सूर ऐकवला आणि आलेख काढला. डावीकडे, म्हणजे २५० आणि ५०० हर्ट्झला, रेघ बऱ्यापैकी वर होती. २००० च्या पुढे ती घसरत गेली आणि ४००० ला खड्डा. ती म्हणाली, "यंत्रमाग ना?" आलेख बघूनच. कारखान्यांत आवाज ९० डेसिबलच्या वर असतो. वर्षानुवर्षं त्यात उभं राहिलं की कानाच्या आतल्या बारीक केसांसारख्या पेशी मरतात. पहिल्यांदा जातात त्या ४००० च्या आसपासच्या, आणि त्या पुन्हा उगवत नाहीत. बोलण्यातले स्वर खालच्या पट्टीत असतात, ते ऐकू येतात. स, श, त, क, फ वर असतात. म्हणून 'साठ'मधला स गळतो आणि 'आठ' उरतो. पप्पा किती वर्षं म्हणत होते, "ऐकू येतंय रे, पण कळत न्हाई." आम्हाला वाटायचं लक्ष नसतं.

तिने बोलता बोलता विचारलं, तुम्ही काय करता? मी सांगितलं. ती म्हणाली, "बसा तुम्ही पण." माझ्या डाव्या कानाला ४००० वर छोटा खड्डा आहे. जॅमरूममध्ये डावीकडे ड्रमरची झांज असते. तिथे मी एकदा फोनच्या अॅपवर आवाज मोजला होता, १०८ दाखवला होता, आणि आम्ही त्याचा स्क्रीनशॉट अभिमानाने स्टोरीला टाकला होता. पप्पांना त्या आवाजात उभं राहायचा पगार मिळायचा. मी तासाला चारशे रुपये भरून उभा राहत होतो.

दोन्ही कानांची मशीन एक लाख साठ हजारांना होती. स्वस्त होती, पण मुलीने दोन-तीन लावून दाखवली आणि ह्याच जोडीत पप्पांनी तिचं वाक्य पाठ फिरवूनही बरोबर सांगितलं. अंधेरीतल्या माणसाची आठवण झाली: जिथे वापरायचंय तिथे ऐकून बघ. बाहेर आल्यावर पप्पांनी किंमत विचारली. मशीन अजून कानात नव्हती, ती पंधरा दिवसांनी मिळणार होती. मी म्हटलं, एक साठ. ते म्हणाले, "एक लाख आठ हजार? ह्यात जुने माग किती येतील सांगू?" मी दुरुस्त केलं नाही.

पैसे बेस फंडातून गेले. मोठा त्याग वगैरे नव्हता, दुसरीकडे पैसे नव्हते एवढंच. पण रात्री मी चिडलो होतो हेही खरं आहे. नक्की कोणावर, ते कळत नव्हतं. ज्या मालकाने एकतीस वर्षांत कानात घालायला कापसाचा बोळाही दिला नाही त्याच्यावर, की दर दिवाळीला पप्पांशी ओरडून बोलणाऱ्या स्वतःवर, की सरळ सरळ त्या लाकडाच्या रेषांसाठी. सगळंच थोडं थोडं.

आई म्हणाली, "मग आता ते गिटार ऱ्हाऊ दे की." मी आठवडाभर तसंच ठरवलंही. मग प्रॅक्टिसला गेलो, ब्रेकडाउन आला, तार डगमगली, आणि गिटारवाल्याने नेहमीसारखं बघितलं.

उरले होते दोन लाख वीस हजार. बंगळुरूच्या त्याच बेसिस्टला मेसेज केला. तो परदेशात जाणार होता आणि जाताना सामान कमी करत होता. एक लाख नव्वदला सौदा झाला. उरलेल्यातून पहिली खरेदी केली ती संगीतकारांसाठी मिळणाऱ्या फिल्टरच्या इअरप्लगची, चौघांसाठी. ड्रमर अजूनही ते एकाच कानात घालतो.

ऑगस्टमध्ये बंगळुरूहून रात्रीच्या बसने निघालो. बेस मांडीवर. सामानाच्या डिकीत ठेवायला क्लीनर आग्रह करत होता, मी दुसऱ्या सीटचं तिकीट काढायला तयार झालो तेव्हा गप्प बसला. बस पुण्याची होती, पण वाटेत कोल्हापूर लागतं, तिथे पहाटे उतरलो आणि इचलकरंजी गाठली.

पप्पा पडवीत होते. मशीन कानात नव्हती. ती त्यांनी पहिल्या आठवड्यात कौतुकाने घातली. मग आईच्या भांड्यांचा आवाज, पंख्याचा आवाज, शेजारच्या पोराची सायकल, सगळं एकदम अंगावर यायला लागलं. आता ती सकाळी पेपर वाचून झाल्यावर घालतात आणि जेवायला बसताना काढतात.

घरी अॅम्प नव्हताच. पण एक जुनी युक्ती आहे. बेसचं टोक, जिथे खुंट्या असतात ते, लाकडी कपाटाला टेकवून वाजवायचं. कंपनं लाकडात जातात आणि कपाटच बोलायला लागतं. आजीच्या लग्नातलं सागवानी कपाट आहे आमच्याकडे. त्याला टेकवून मी खालची तार सोडली. वरच्या फळीवरचे डबे खणखणले, आईने आतून विचारलं काय पडलं.

पप्पा उठून आले. त्यांनी कपाटाच्या दाराला आधी तळहात लावला, मग कान.

"हे कळतंय," ते म्हणाले. "पुन्यांदा वाजव."

मी ब्रेकडाउन वाजवला, पूर्ण तीस सेकंद. मग दुसऱ्यांदा. ते तसेच उभे होते, डोळे मिटून, चालू मागाचा आवाज ऐकून कुठे काय घासतंय ते ओळखताना उभे राहायचे तसे. मग सरळ झाले, माझ्याकडे आले आणि खालच्या तारेवर अंगठा दाबला. दोनदा दाबला.

"ताण बराबर हाय," म्हणाले. मग त्यांचं बोट फ्रेटांवरून वरपासून खालपर्यंत गेलं. मागावर सगळं सूत ज्या फणीतून जातं ती फणी एका सुताने जरी तिरकी बसली तरी कापड वाया जातं. त्यांनी तशा शेकडो फण्या सरळ केल्या असतील.

"पण फणी वाकडी बसवून दिलीय की रं त्यानं. किती घेतलं?"

मी मुद्दाम वाकडी आहे, ३७ आणि ३४ इंचांचा हिशेब आहे, असं समजावून सांगायला लागलो. मशीन आत डबीत होती.

"ते असू दे," ते म्हणाले. "पावती हाय न्हवं? बदलून घे."